गाडी चालता चालता दम तोडते : पार्ट बदलण्याआधी दोष कसा पकडायचा

गावात गाडी नीट चालते, बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागली की एकदम ढिली पडते. अॅक्सिलरेटर दाबा, ओढच नाही. दोन मिनिटांनी पुन्हा सुरळीत. गॅरेजला नेली की तिथे एक झटका मारत नाही. मग मिस्त्री अंदाजाने डिझेल फिल्टर बदलतो, पुढच्या खेपेला सेन्सर, त्याच्या पुढच्या खेपेला पंप. तीन नवे पार्ट पडतात आणि दोष जागच्या जागी.

यात हाताची चूक कमी आणि क्रमाची जास्त असते. अधूनमधून येणारा दोष गाडी बरी असताना सापडत नाही. तो आला त्या क्षणाचा पुरावा जपावा लागतो, आणि नेमका तोच पुरावा पहिल्या दहा मिनिटांत पुसला जातो. कुणीतरी बॅटरीचा टर्मिनल काढून लावतो, नाहीतर ‘लाईट घालवून देतो’ म्हणून गाडीत साठलेले दोषाचे कोड उडवतो. त्यामुळे खालचे टप्पे याच क्रमाने करा. काही न खोलता होणारे आधी, पाना नंतर.

सावधान : धावत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत दोन-तीन दाबांपुरतीच उरते. ब्रेक पंपासारखा मारू नका, एकदाच दाबून धरा. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नका, स्टीअरिंग लॉक होतं. चारही इंडिकेटर लावून डावीकडे पूर्ण साईडपट्टीवर घ्या, माणसं रस्त्याच्या बाजूला उतरवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन लागतो.

## १. हाताशी काय हवं

स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लागणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीत साठलेले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) आणि मोबाईलमध्ये त्याचं अॅप. अॅपमध्ये ‘लाईव्ह डेटा’ आणि ‘फ्रीझ फ्रेम’ या दोन्ही गोष्टी दिसायला हव्यात. फक्त कोड वाचणारं अॅप अर्ध्याच कामाचं. सोबत मल्टिमीटर, टॉर्च, १० आणि १२ नंबरचा पाना, क्लॅम्पसाठी स्क्रू ड्रायव्हर, एअरफ्लो सेन्सरचा खास स्प्रे आणि साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली. डिझेल गाडी असेल तर एक स्वच्छ पारदर्शक बाटली आणि इंधनाच्या पाईपच्या मापाचा वीतभर पारदर्शक, डिझेलला टिकणारा पाईप. आणि वही. वही लोक हमखास विसरतात, आणि सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो.

## २. आधी टिपण, मग बॉनेट

‘पिकअप जातो’ एवढं सांगून काही कळत नाही. दोष आला की थांबल्यावर लगेच लिहा: गाडी चालू करून किती मिनिटं झाली, ऊन किती होतं, टाकीत इंधन किती, शेवटचं कुठे भरलं, कोणता गिअर, आरपीएम किती, चढ की सपाट, एसी चालू होता का, कोणता दिवा लागला, धूर कोणत्या रंगाचा.

सगळ्यात बोलकी नोंद मात्र दोष गेला कसा याची.

किल्ली बंद-चालू केली आणि ओढ लगेच परत आली, तर ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) स्वतःहून ताकद कापली होती. याला लिम्प मोड म्हणतात, यात बहुतेक गाड्या अडीच-तीन हजार आरपीएमच्या पुढे जात नाहीत. अशा वेळी कोड जवळजवळ नक्की सापडतो. अर्धा तास सावलीत उभी केल्यावरच चालू झाली, तर गरम झाल्यावर दगा देणारं काहीतरी आहे: क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरतंय ते सांगणारा), इग्निशन कॉइल, पेट्रोलचा पंप. पाय उचलला की सावरते आणि जोरात दाबलं की पुन्हा पडते, तर इंधन पुरत नाही. टाकीचं झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी बरी चालली, तर टाकीचा श्वास कोंडला आहे. तिथे पंप बदलून काहीही होणार नाही.

आणखी एक खूण: गिअरमध्ये असलेली गाडी बंद पडताना आरपीएमचा काटा पाहा. चाकं इंजिनला फिरवतच असतात, तरी काटा एकदम शून्यावर आपटला तर आरपीएमचा सिग्नलच तुटला, म्हणजे क्रँक सेन्सर, त्याची वायर किंवा मेन रिले. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला तर आधी इंधनाकडे बघा.

## ३. दोष खरंच इंजिनात आहे का?

हा टप्पा वगळल्याने कितीतरी चांगले टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे) उगाच खोलले जातात.

चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० च्या आसपास असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम सरसर चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. इंजिन निर्दोष आहे.

दुसरं, दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, थांबा आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या. हात लावायचा नाही, फक्त जवळ न्यायचा. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट तापलेलं असेल तर ब्रेक धरून बसला आहे.

तिसरं, तापमान. एप्रिल-मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा बऱ्याचदा ४२ च्या पुढे जातो. अशा उन्हात भरलेली गाडी एसी लावून चढवताना इंजिन जास्त तापलं की ईसीयू आधी एसी कापतो, मग ताकद. स्कॅनरवर पाण्याचं तापमान साधारण ८५ ते १०० दरम्यान हवं. ११० कडे जात असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट बघा. कापसाच्या हंगामात रेडिएटरच्या जाळीत कापसाची बोंद आणि फुफाटा मिळून नमदा बसतो. तो समोरून दिसत नाही, मध्ये एसीची जाळी असते. टॉर्च दोन्ही जाळ्यांच्या फटीत मारा.

## ४. कोड वाचा, उडवू नका

इंजिन बंद, किल्ली ऑन. साठलेले आणि ‘पेंडिंग’ (अजून पक्के न झालेले) असे दोन्ही कोड वाचा, प्रत्येकाचा फोटो काढा. नंतर फ्रीझ फ्रेम उघडा. कोड पडला त्या क्षणी आरपीएम, वेग, लोड आणि तापमान किती होतं ते तिथे असतं. ते वहीतल्या टिपणाशी जुळतंय का पाहा. जुळत नसेल तर तो कोड दुसऱ्याच कुठल्या जुन्या दुखण्याचा असू शकतो.

नेहमी भेटणारे कोड असे:

- पी०२९९ : टर्बोचा दाब कमी. फुटलेला पाईप, व्हॅक्यूमची नळी, अडकलेला अॅक्च्युएटर, उघडा राहिलेला ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व). टर्बो स्वतः सगळ्यात शेवटी.
- पी००८७ : रेलमध्ये (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीत) इंधनाचा दाब कमी. फिल्टर, पाईपात हवा, पंप, गळका इंजेक्टर.
- पी०३३५ : क्रँक सेन्सरचं सर्किट.
- पी०१७१ : पेट्रोल कमी किंवा न मोजलेली हवा जास्त.
- पी०३०० ते पी०३०४ : मिस, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. शेवटचा आकडा सिलिंडरचा, शून्य असेल तर एकापेक्षा जास्त सिलिंडर.
- पी२१३५ : थ्रॉटल किंवा पेडलचे दोन सिग्नल एकमेकांशी जुळत नाहीत.
- पी२४६३ : डीपीएफमध्ये (डिझेलच्या सायलेन्सरमधल्या गाळणीत) काजळी साठली.

कोड तक्रार सांगतो, पार्ट सांगत नाही. ‘क्रँक सेन्सर सर्किट’ म्हणजे सेन्सर, दोन-तीन वायरी, कनेक्टर आणि ईसीयूची पिन, एवढं सगळं. उंदराने कुरतडलेल्या वायरीसाठी नवा सेन्सर आणणारे कमी नाहीत.

तपासा : एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सात कोड एकदम दिसले, त्यात ‘यू’ने सुरू होणारेही (गाडीतल्या कॉम्प्युटरांचा आपसातला संपर्क तुटल्याचे) असले, तर एकाही सेन्सरच्या मागे लागू नका. व्होल्टेज किंवा अर्थिंगचा संशय धरा आणि पुढचा टप्पा नीट करा.

## ५. बॅटरी, अर्थिंग, उंदीर

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. चालू गाडीत बहुतेक ठिकाणी १३.८ ते १४.५ दिसतं. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर ईसीयूच्या हुकमाने वरखाली होतो, तिथे थोडा फरक चालतो.

खरी चाचणी अर्थिंगची. मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नाही), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. हेडलाईट, एसी, ब्लोअर सगळं चालू करून आरपीएम दोन हजारावर धरा. मीटरवर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा. मात्र हे करताना बॅटरी काढावी लागते आणि कोड जातात, म्हणून टप्पा ४ चे फोटो आधी.

गाडी धान्याच्या गोदामाजवळ किंवा गोठ्याशेजारी उभी राहत असेल तर बॉनेट उघडून लेंड्या शोधा. उंदीर वायर पूर्ण तोडेलच असं नाही. वरचं प्लास्टिक सोलून दोन तारा उघड्या ठेवतो, त्या हादऱ्याने कधी टेकतात, कधी सुटतात. ‘कधीकधीच होतं’ याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

## ६. दोष येतो त्याच रस्त्यावर रेकॉर्डिंग

काही खोलण्याआधी हे करा. दोन माणसं हवीत: एक चालवणार, दुसरा मोबाईल सांभाळणार. चालकाने स्क्रीनकडे बघायचंच नाही.

अॅपमध्ये रेकॉर्डिंग लावा, पण वीस गोष्टी निवडू नका. स्वस्त स्कॅनर सेकंदाला मोजकीच वाचनं आणतो, यादी लांबली की नेमका झटका दोन वाचनांच्या मधून निसटतो. पाच-सहा पुरे. डिझेलला: आरपीएम, पेडलची टक्केवारी, रेल प्रेशर, मॅनिफोल्डचा दाब (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा), एअरफ्लो (किती हवा आत जाते ते), व्होल्टेज. पेट्रोलला रेल प्रेशरच्या जागी फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा).

गाडी त्याच अवस्थेत न्या: तेवढीच माणसं, टाकीत तेवढंच इंधन, तीच दुपारची वेळ. चढावर येत असेल तर बालाघाटाचा चढ शोधा. समृद्धी महामार्गावर ही चाचणी करू नका, तिथे मध्येच रेंगाळायला आणि थांबायला जागा नाही.

घरी येऊन आलेख पाहताना एकच प्रश्न विचारा: सगळ्यात आधी काय पडलं? पाय दाबलेला असताना पेडलची टक्केवारीच पडली तर पेडल सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर. व्होल्टेज आधी पडलं तर टप्पा ५. रेल प्रेशर आधी पडलं तर टप्पा ८. मॅनिफोल्डचा दाब अपेक्षेइतका चढलाच नाही तर टप्पा ७. वेग ६० आणि आरपीएम शून्य दिसला तर सरळ टप्पा ९.

## ७. हवेची वाट

किल्ली ऑन, इंजिन बंद असताना मॅनिफोल्डच्या दाबाचा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. पुस्तकात १०१ किलोपास्कल लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं. लातूर किंवा संभाजीनगरच्या उंचीवर ९४-९५ आणि नांदेडला ९६-९७ च्या आसपास येणं बरोबर आहे. ते बघून सेन्सर बदलू नका. ८५ किंवा १०५ आलं तर मात्र सेन्सर खोटं बोलतोय.

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. आपल्याकडे काळ्या मातीचा फुफाटा पिठासारखा बारीक असतो, कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या निम्म्यातच फिल्टर भरतो. कॉम्प्रेसरची हवा जवळून मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि धूळ सेन्सरवर बसते. हलक्या हाताने झटका, नाहीतर नवा टाका.

एअरफ्लो सेन्सर त्याच्याच स्प्रेने धुवा. कार्ब क्लीनर नको, कापूस नको, बोट नको. पूर्ण वाळल्यावर बसवा.

टर्बो डिझेलमध्ये इंटरकूलरचे रबरी पाईप हे पहिल्या नंबरचे गुन्हेगार. फट खालच्या बाजूला असते आणि दाब आल्यावरच उघडते, म्हणून उभ्या गाडीत पाईप शाबूत दिसतो. पाईपवर तेलकट ओल आणि तिच्यावर माती चिकटलेली जागा शोधा. पाईप हाताने वाकवून घड्या उघडून बघा. साबणाचं पाणी मारून मदतनीसाला आरपीएम अडीच हजारावर धरायला सांगा, बुडबुडे येतील. या चाचणीत काही आलं नाही म्हणून पाईप निर्दोष धरू नका, उभ्या गाडीत टर्बो पूर्ण दाब करत नाही.

सावधान : रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. बाही, गळ्यातला गमछा, ओढणी दूर ठेवा.

## ८. इंधन

डिझेल. फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू सैल करून साधारण १०० मिली पारदर्शक बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी. पिंपातलं, डब्यातलं सुटं डिझेल टाकलेल्या गाडीत हे नेहमीचं. फिल्टर बदलून भागत नाही, टाकीचा तळही काढावा लागतो. बाटली उन्हात हलवून पाहा. चांदीसारखी चमक दिसली तर हाय प्रेशर पंप आतून झिजतोय. गाडी तिथेच थांबवा, कारण तो चुरा इंजेक्टरपर्यंत जातो.

पाणी नसेल तर हवा शोधा. फिल्टरकडून पंपाकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या पाईपमध्ये पारदर्शक तुकडा जोडा, क्लॅम्प लावा आणि इंजिन चालू करा. सुरुवातीचे बुडबुडे मिनिटभरात जायला हवेत. त्यानंतरही माळ चालूच असेल तर कुठेतरी पाईप एअर धरतोय: बहुधा फिल्टरचं सील, हातपंप किंवा कडक झालेला रबरी पाईप. जिथे हवा आत शिरते तिथून डिझेल बाहेर गळेलच असं नसतं, म्हणून ‘गळती नाही’ या उत्तरावर समाधान मानू नका.

रेल प्रेशर आयडलला (गाडी उभी, पेडल न दाबता) साधारण २५० ते ३५० बार असतं, पूर्ण लोडवर हजाराच्या बरंच पुढे जातं. मागितलेला आणि मिळालेला आकडा शेजारी ठेवा. लोडवर मिळालेला आकडा शंभराहून जास्त बारने सतत मागे राहत असेल तर पुरवठा तुटतोय.

सावधान : चालू इंजिनवर इंजेक्टरचा लोखंडी पाईप सैल करायची जुनी सवय कॉमनरेलमध्ये जिवावर बेतते. त्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवावं लागतं. असं झालं तर तासाभराचाही वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात.

पेट्रोल. साध्या इंजेक्शनच्या गाड्यांत दाब बहुतेक ३ ते ४ बार. आयडलला बरोबर येऊन उपयोग नाही, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबल्यावरही टिकायला हवा. फ्युएल ट्रिम उणे-अधिक १० च्या आत ठीक. लोडवर अधिक २० कडे पळत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. उलट, आयडलला जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर नीट, तर कुठूनतरी चोरून हवा शिरतेय. पंप टाकीतल्या पेट्रोलमध्येच गार राहतो. कायम काट्याच्या तळाशी चालवलेल्या गाडीचा पंप उन्हाळ्यात आधी दगा देतो.

सीएनजी. पेट्रोलवर टाका आणि त्याच चढावर न्या. पेट्रोलवर दोष नाहीसा झाला तर सीएनजीचा फिल्टर, रेग्युलेटर आणि इंजेक्टर बघा. पण त्याआधी प्लग. गॅसला ठिणगी जास्त ताकदीची लागते, म्हणून म्हातारा प्लग किंवा कॉइल पेट्रोलवर चालून जातात आणि गॅसवर मिस मारतात.

## ९. ठिणगी, सेन्सर आणि गरमीतला दगा

मिसचा कोड एका सिलिंडरचा असेल तर त्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर टाका. पी०३०१ चा पी०३०३ झाला तर कॉइल गेली. कोड तिथेच राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर. एका वेळी एकच वस्तू हलवा. दोन हलवल्या की उत्तर हरवलं.

क्रँक सेन्सरचा संशय असेल तर थंड इंजिन आयडलला ठेवून सेन्सरवर केस वाळवायच्या यंत्राने पाच-दहा मिनिटं गरम हवा द्या. इंजिन बंद पडलं आणि सेन्सरवर ओला फडका ठेवून थंड केल्यावर लगेच चालू झालं, तर चोर सापडला. काढल्यावर टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय का बघा.

नंतर वायरिंग. आयडलला एकेक कनेक्टर आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) हलक्या हाताने हलवत जा. कुठे आरपीएम लडखडतो तिथे थांबा. कनेक्टर उघडून हिरवा गंज, मागे सरकलेली पिन बघा. पेडल सेन्सरसाठी किल्ली ऑन ठेवून पेडल अगदी सावकाश दाबा. आकडा मध्ये उडी न घेता चढायला हवा. त्याआधी पायाखालची मॅट पेडलखाली दुमडली नाही ना, एवढं बघून घ्या. हसू येईल, पण होतं असं.

## १०. सायलेन्सरची बाजू

बीएस-६ डिझेल रोज तीन-चार किलोमीटरच फिरत असेल तर डीपीएफ भरतो. दिवा नुसता पेटलेला असेल तर मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वर, दोन हजार आरपीएमच्या आसपास पंधरा-वीस मिनिटं न थांबता चालवा. लुकलुकत असेल किंवा लिम्प मोड लागला असेल तर हा उपाय नाही, सर्व्हिस सेंटरला स्कॅनरने आतली काजळी जाळावी लागते.

सावधान : जाळणी चालू असताना आत ६०० अंशांच्या आसपास तापमान असतं. गाडी पाचटावर, वाळल्या गवतावर किंवा कडब्याच्या बनीमीजवळ उभी करू नका.

## ११. दुरुस्तीनंतर

आता कोड उडवा. बॅटरी काढली असेल किंवा थ्रॉटल साफ केला असेल तर काही गाड्यांत आयडल पुन्हा शिकवावा लागतो, त्यामुळे पहिल्या दिवशी थोडा वरखाली आयडल दिसला म्हणून घाबरू नका.

मग वही उघडा आणि टप्पा २ मध्ये लिहिलेली अवस्था तशीच्या तशी उभी करा: तोच चढ, तोच गिअर, तीच दुपार, टाकीत तेवढंच इंधन. रेकॉर्डिंगही तेच पाच-सहा आकडे. आधी दर फेरीला दोष येत असेल तर तीन फेऱ्या पुरेत. आठवड्यातून एकदा येत असेल तर तीन आठवडे वाट बघा, तोवर काढलेला जुना पार्ट डिकीत ठेवा आणि मधल्या काळात गाडीत दुसरं काहीही बदलू नका.